बिरागोने नेला तोच

घानातल्या कुमासी शहराच्या असाफो भागात कोणी गेलं, की रडणं आवरल्यावर नातेवाईक सेर्वाच्या टायपिंगच्या टपरीवर यायचे. मयताच्या दिवशी वाटायची पुस्तिका तीच करायची: जन्मापासूनची हकिगत, लेकीसुनांची मनोगतं, फोटो. अठरा वर्षं तिचा हाच धंदा. ज्याच्याबद्दल घरच्यांना चार चांगले शब्द सुचत नसत, त्याच्यावर सेर्वा दोन पानं लिहायची. ती वाचून बायकोलाही वाटायचं, आपण या माणसाला ओळखलंच नाही.

बिरागो तिच्याच हाताखाली शिकली आणि रस्त्यापलीकडे समोरच टपरी टाकून बसली. तेही सेर्वाने गिळलं. पण दोन महिन्यांपूर्वी त्या पोरीने टेबलावर चांदीसारखा चकचकीत, पातळ लॅपटॉप मांडला आणि सेर्वाच्या पोटात दुखायला लागलं. दिवसभर तिचं लक्ष तिकडेच. गिऱ्हाईक तिकडे वळलं की हिच्या नाकाला मिरची झोंबायची.

"मयताची पुस्तिका करते की नवरीचा शृंगार?" ती शेजारी मक्याचे उंडे विकणाऱ्या केंकेवालीला म्हणायची.

"तू पण घे की तसला," केंकेवाली म्हणायची, आणि ते जास्तच लागायचं.

सेर्वाचा जुना लॅपटॉप एका दुपारी बंद पडला तो पडलाच. ती अदुमच्या बाजारात येबोआच्या दुकानात गेली. येबोआ माणूस सरळ. त्याने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. एक जाड, काळा, मोठ्या पडद्याचा, स्वस्त. दुसरा त्याच्या तिप्पट किमतीचा.

"टायपिंग, फोटो आणि छापखान्यात पाठवणं, एवढंच ना आंटी? मग हा काळा न्या. दहा वर्षं बघायला नको."

"समोरच्या बिरागोने कोणता नेला?"

येबोआने महागाकडे बोट केलं. "पण आंटी, तुमच्या कामाला..."

"तोच दे."

"मग पेनड्राइव्हसाठी याची वेगळी जोडणी घ्यावी लागेल. ती उद्या..."

"अठरा वर्षं हे काम करतेय मी. मला शिकवू नकोस!"

पतपेढीत छपराच्या पत्र्यासाठी साठवलेलं सगळं तिने मोजून दिलं. परतताना तिने मुद्दाम बिरागोच्या टपरीसमोरून खोका मिरवत नेला. बिरागो हसून म्हणाली, "छान आहे आंटी." सेर्वाला ते कुत्सित वाटलं. खरं तर तिला त्या वेळी काहीही कुत्सितच वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या घराण्याचे वडीलधारे नाना आज्येमांग आले, सुतकाचं लाल-काळं नेसून, दहा नातेवाइकांसह. त्या घराण्याची प्रत्येक पुस्तिका सेर्वाने केली होती. आता नानांची बहीण गेली होती आणि चार वाजता मजकूर छापखान्यात द्यायचा होता. नानांनी पेनड्राइव्ह पुढे केला. सेर्वाने तो घेऊन लॅपटॉपची उजवी बाजू चाचपली, मग डावी. दोन्हीकडे भोकं एवढीएवढीशी. जाडा पेनड्राइव्ह आत शिरेना. पडदाही इवलासा, त्यामुळे मागच्या मावश्या माना लांबवून विचारत होत्या, "आमचा फोटो कुठाय?"

"कसली मशीन घेतलीस गं?" नाना म्हणाले. त्यांनी पेनड्राइव्ह परत घेतला आणि ते रस्ता ओलांडून गेले. त्यांच्यामागे सगळं घराणं.

सेर्वाही गेली. राहवेच ना. बिरागोने चकचकीत लॅपटॉप हळूच बाजूला सारला आणि टेबलाखालून जाड, काळा काढला. पेनड्राइव्ह खट्कन बसला.

"आणि हा?" सेर्वाने चकचकीत लॅपटॉपकडे बोट केलं.

बिरागोने मान खाली घातली. "तो नुसता दिसायला आहे आंटी. हप्ते अजून फिटायचेत. माझ्याकडे कोणी थांबायचंच नाही, सगळे तुमच्याकडे जायचे. तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला. मग म्हटलं, निदान मशीन तरी..."

सेर्वाच्या मनात सुखाची एक लहर उठली, पण ती टिकली नाही. नाना हकिगत सांगत होते आणि बिरागो लिहीत होती, "त्या फार प्रेमळ होत्या."

"प्रेमळ काय प्रेमळ!" सेर्वा उसळली. "लिही, सात दीरनणंदांची भांडणं मिटवली आणि स्वतःचं एकही कधी मिटवलं नाही."

नाना रडता रडता हसले. "सेर्वा, तूच सांग. ही टाइप करील."

साडेतीनपर्यंत सेर्वा सांगत राहिली. शब्द न् शब्द तिचा. सरतेशेवटी बिरागोने विचारलं, "मागच्या पानावर पुस्तिका करणाऱ्याचं नाव कोणाचं घालू, आंटी?"

दहा नातेवाईक तिच्याकडे बघत होते.

"तुझं," सेर्वा म्हणाली. "मशीन तुझी आहे ना."

शनिवारी मयताला आलेल्या पाचशे माणसांनी ती हकिगत वाचली. बायका डोळे पुसत एकमेकींना म्हणत होत्या, "काय लिहिते हो ही बिरागो!" सेर्वा त्यांच्या शेजारीच बसली होती.