पाणमांजरांचा पिंजरा

आई गेल्यावर मी बाबांना सिंगापूरला घेऊन आले. मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे बंदिस्त गृहसंकुलात, त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. कोकणातल्या एका खाडीकाठच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी झाली होती. तळी राखायची, बीज सांभाळायचं, माशांवर येणाऱ्या जनावरांचा बंदोबस्त करायचा. इथे ते खालच्या बाकावर बसून राहायचे.

२०१७च्या सुमारास समुद्राकडून पाणमांजरं यायला लागली. उजाडताना कालव्यातून वर चढायची आणि कॉन्डोच्या तळ्यातल्या शोभेच्या कोई माशांचा फडशा पाडायची. काठावर नुसती डोकी उरायची. मी तेव्हा कॉन्डोच्या कमिटीची सेक्रेटरी होते. कमिटीत मी एकटीच भारतीय, आणि त्याचा मला नको तितका अभिमान होता. मीटिंगमध्ये चेअरमन वैतागले होते, तेव्हा मी सांगून टाकलं की माझ्या वडिलांनी ही जनावरं पकडलेली आहेत.

दुसऱ्याच दिवशी चेअरमन आमच्याकडे आले. बाबांनी स्वतः चहा केला. मी दोघांच्या मध्ये भाषांतराला. बाबांनी सांगितलं की तळ्याशी पिंजरा लावून काही होत नाही, जनावर वर चढतं कुठून ते आधी शोधायचं. ही जनावरं एकाच ठरलेल्या जागी घाण करतात, तिच्यात माशाचे खवले चमकतात. तिथून पाण्याकडे जाणारी वाट जिथे चिंचोळी होते, तिथे पिंजरा. तो चिखलानं माखायचा, म्हणजे माणसाचा वास मरतो. पहिले काही दिवस दार बांधून उघडं ठेवायचं, आतला मासा खुशाल खाऊ द्यायचा. सवय झाली की दोरी सोडायची.

मग ते म्हणाले, "त्यांना विचार, पिल्लं दिसलीत का? पिल्लं असतील तर आत्ता लावायचा नाही."

पिल्लं होती. मी स्वतः पाहिली होती. पण वार्षिक सभा तोंडावर आली होती आणि चेअरमन माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मी त्यांना काहीतरी भलतंच विचारलं आणि बाबांना म्हटलं, "नाही म्हणतात."

इथे या जनावरांना हात लावायला कायद्यानं बंदी आहे, हे चेअरमनना ठाऊक होतं. मलाही होतं. बाबांना ते कोणी सांगितलं नाही. चेअरमननी कुठून तरी पिंजरा आणवला. तो आठवडाभर बाबा भल्या सकाळी खाली जायचे आणि नाश्त्याला मला वाटेवरचे माग समजावून सांगायचे. आई गेल्यापासून ते इतकं बोलले नव्हते.

दोरी सोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लू अडकलं. बाकीचा कळप पिंजऱ्याभोवती किंचाळत होता. अर्धी बिल्डिंग बाल्कनीत आली. बाबांनी पिंजऱ्यावर गोणपाट टाकलं, कारण अंधार झाला की जनावर शांत होतं. मग दार उचलून त्यांनी पिल्लू सोडून दिलं. बोटाला चावा बसला. पण जो व्हिडिओ दुपारपर्यंत सगळीकडे फिरला, त्यात गोणपाटापर्यंतच दिसत होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, हे परके लोक इथे येऊन काय करतात बघा.

चेअरमननी मला लॉबीत गाठलं. कमिटीला यातलं काही माहीत नव्हतं, असं लेखी असलेलं बरं, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. आमचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज तेव्हा अडकून पडला होता. पत्र मीच टाइप केलं. माझे वृद्ध वडील इथल्या नियमांशी अपरिचित आहेत, त्यांनी हे कुणालाही न विचारता केलं.

बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, माफीपत्र. पट्टी बांधलेल्या हातानं त्यांनी सही केली.

पत्राची प्रत टेबलावर राहिली. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. आजोबांनी विचारलं म्हणून तिनं आपल्या मोडक्या मराठीत ती त्यांना वाचून दाखवली.

मी संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा बॅग काढून बसले होते. आवाज चढवला नाही.

"ते गृहस्थ इथे बसून चहा प्यायले. तू मध्ये बसली होतीस. आणि मी कुणाला विचारलं नव्हतं?"

"बाबा, आमचा पीआर अडकलाय."

"हां," ते म्हणाले. "मग बरोबर आहे."

पिल्लांबद्दल मी काय केलं होतं, ते मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही.

अधिकाऱ्यांनी बाबांना ताकीद दिली, प्रकरण मिटलं आणि बाबा कोकणात परत गेले. कमिटीला कुणी काही विचारलं नाही. पुढच्या वर्षी आम्हाला पीआर मिळाला. चेअरमननी लिफ्टमध्ये अभिनंदन केलं आणि मी त्यांना थँक्यू म्हटलं. बाबांना मी तीनदा तिकीट काढते म्हणून कळवलं. दर वेळी ते म्हणाले, गुडघे दुखतात, इतका वेळ विमानात बसवत नाही. त्यांचे तिथले शेजारी मला फोनवर म्हणाले की ते रोज खाडीपर्यंत चालत जातात.