आबा आणि बारा मात्रांची शांतता

मी वाद्यवृंदासाठी रचना करतो, पियानो वाजवतो आणि इतर लोक वाजवत असताना त्यांच्यापुढे उभा राहून हात हलवतो. युरोपात यावर माझं घर चालतं. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत यातला पियानो तेवढा लोकांना कळतो. पाहुणे विचारतात, "कुठल्या पिक्चरला दिलंय मग संगीत?" आणि आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याआधीच उत्तर देतात, "भाईर असतोय त्यो." विषय संपतो.

आबांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवली. हात हलवण्याच्या कामाबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. "वरातीपुढं हात नाचवणारा एकच असतोय," ते म्हणतात, "नवऱ्याचा मामा. आणि त्यो शुद्धीत नसतोय." मला काम करताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहावं असं त्यांना वाटायचंही नाही. पन्नाशीच्या माणसानं कबूल करू नये, पण हे मला फार लागायचं.

गेल्या हिवाळ्यात कोल्हापुरात माझ्या एका रचनेचा कार्यक्रम ठरला. पुण्याचे वादक येणार होते. आठवडा राहिला असताना त्यांचा क्लॅरोनेटवाला पाय घसरून पडला आणि मनगट मोडून बसला. मी पुण्याहून आबांना फोन केला. ते "बघू" म्हणाले, म्हणजे हो. त्यांना आमची स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून त्यांचा भाग मी पियानोवर वाजवून व्हॉट्सअॅपवर पाठवला. चार दिवसांत त्यांनी सगळा पाठ केला.

रचनेच्या मध्यावर बारा मात्रांची शांतता आहे. कुणीच काही वाजवायचं नाही. ही माझी सगळ्यात लाडकी जागा, आणि परदेशातल्या जाणकारांनी तिच्यावर बरंच काही लिहिलंय. कोल्हापुरातल्या पहिल्याच तालमीत तिथं मी हात रोखला, सगळे थांबले, आणि आबांनी एक झकास हरकत घेऊन पुढच्या सुराला नेऊन जोडली.

"व्हॉट्सअॅपवर तिथं तुझी रेंज गेलती," ते म्हणाले. "मी भरून काढलं."

पुणेकर हसू दाबत माना खाली घालून बसले. तिथं मुद्दामच काही नाही, हे मी परोपरीनं समजावलं. आबांना पटेना. त्यांच्या हिशेबी चालू बँड दोनच वेळा थांबतो, व्याह्याव्याह्यांत जुंपली की, नाहीतर समोरून मयत आली की.

"यातलं तुझ्याकडं काय झालंय?" त्यांनी विचारलं.

माझं डोकं फिरलं. "आबा, एकदा तरी माझ्या हाताकडं बघा," मी म्हणालो. ते क्लॅरोनेट पुसत बसले.

कार्यक्रमाला हॉल भरला, त्यातला निम्मा आबांच्या ओळखीचा. ती जागा आली. मी हात रोखला. आबांनी वाद्य मांडीवर घेतलं आणि माझ्या हातावर डोळे लावले. मला हायसं वाटतंय तोवर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"बंद पडलं काय हो?" मागून आवाज आला.

"भांडान झालंय जणू," दुसरा म्हणाला. खुर्च्या सरकायला लागल्या. इतकी वर्षं जपलेली माझी जागा माझ्याच गावात मातीत चालली होती.

आबा उठून उभे राहिले. आता हे भरून काढणार, या धास्तीनं मी डोळे मिटायच्या बेतात होतो. पण ते लोकांकडं वळले.

"गप बसा की जरा," ते वरातीतल्या आवाजात म्हणाले. "माझ्या पोरानं लिवलंय ते."

हॉल खरंच गप झाला. आबा बसले आणि पुन्हा माझ्या हाताकडं बघू लागले. बारा मात्रा केव्हाच संपल्या, तरी माझा हात उचलेना, आणि तो उचलेपर्यंत आबांनी एक सूर काढला नाही.