सखू आणि गोदीच्या मध्ये मी

हे मी लेकीला सांगितलं नाही, देवापुढेही बोलले नाही. शाळा माझी चार बुकांची, सजवून लिहिता येत नाही — आणि हे सजवण्यासारखं नाहीच.

अमरावतीत आमचं लुगड्यांचं दुकान होतं. माझे मालक वारले आणि गादीवर मी बसले. तिकडे अमेरिकेत लढाई लागली म्हणून विलायतेला आपल्या कापसाची गरज पडली होती, ती वर्षं. कुणब्याच्या घरी कधी नव्हे तो पैसा आला. चांदूर बाजारापासून बाया गाड्या जुंपून लुगडी घ्यायला यायच्या. त्यांना माल दाखवायला मी दोघी ठेवल्या होत्या — सखू आणि गोदी. सखू बोलकी. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर पदर टाकून म्हणायची, "घ्या वो काकू, सून जळून खाक झाली पाह्यजे!" तोवर गोदी न सांगता दुसरं लुगडं उलगडून हजर. गिऱ्हाईक उठलं की दोघी दोन टोकं धरायच्या आणि घडी घालत, हसत एकमेकींकडे चालत यायच्या. मला कधी काही सांगावं लागलं नाही. तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही.

मग एक दिवस दोघी मिळून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सखू म्हणाली, "बैलालेबी दुपारी सोडतेत, बाई. आमाले काहून नाही?" गोदी म्हणाली, "जमत नसन तर उद्यापासून आमी दोघीबी येत नाही."

भाकर खायला वेळ — एवढंच. माझं काय जात होतं? पण दोघी एकदम गेल्या तर ऐन गर्दीत मी काय करणार, ही भीती. आणि खरं सांगू? भीतीच्या आधी हेवा वाटला. माझ्या बाजूला असं उभं राहणारं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सखूला एकटीला आत बोलावलं. म्हटलं, गोदी येऊन गेली. म्हणते, सखू कामचोर आहे, तिला काढा, मी एकटी दोघींचं काम करते. मग गोदीला बोलावलं. तेच सांगितलं, नाव तेवढं बदललं.

भांडल्या असत्या तर खोटं उघडं पडलं असतं. भांडल्या नाहीत — गप्प झाल्या. कामचोर ठरू नये म्हणून दोघींनीही दुपारच्या भाकरीचं नाव सोडलं. आठ दिवस विक्री वाढली, मी खूश. मग सखू बोले तेव्हा गोदी जागची हलेना. लुगडं हनुवटीखाली दाबून जी ती एकटी घडी घाली. गिऱ्हाइकं लवकर उठू लागली. दिवाळीआधी सखू अकोल्याला भावाकडे निघून गेली. पुढे मी किती बाया ठेवल्या, शिकवल्या, चोळ्या दिल्या. सगळ्या माझ्यासाठी काम करत, एकमेकींसाठी कुणीच नाही. दुकान चालू असायचं, आणि मी त्या दोघींचं हसणं ऐकायला कान लावून बसायची.

इथवर सांगणं सोपं होतं. पुढचं नाही.

आगगाडी सुरू झाल्यावर मी एका लग्नाला अकोल्याला गेले. बाजारात सखू भाजी विकत बसलेली. ख्यालीखुशाली झाली, मी शेरभर वांगी मागितली. मग खाली बघत तिने विचारलं, "बाई, गोदी खरंच मले कामचोर म्हणली होती का वो?"

तिला 'नाही' ऐकायचं होतं — दिसत होतं ते. गोदी जिवंत होती, माझ्याच गल्लीत राहत होती. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हटलं, "हो. म्हणाली होती."

सखूने मान हलवली. मग माझ्या पदरात दोन वांगी जास्तीची टाकली. मी ती घेतली.