आईचं आधीचं नाव
पिकलेल्या पेअरचा वास आला की आइंडहोवनच्या ऑफिसातली, दहाएक वर्षांपूर्वीची ती दुपार आठवते. पेअर कापता कापता पोर्तुगीज सहकारी म्हणाली, "माझं आडनाव परेरा, म्हणजे पेअरचंच झाड. आईकडून आलंय. तुझ्या आईचं काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे लग्नात बाईचं नाव, आडनाव दोन्ही बदलायचे." "मग आधी काय होतं?" आजोळचं आडनाव सांगितलं, नाव मात्र मला माहीतच नव्हतं. कामात लक्ष लागेना. शेवटी लिफ्टपाशी येरझाऱ्या घालत पुण्याला फोन लावला. आई नाव सांगून म्हणाली, "एकदा त्या नावानं हाक मार ना." मी हसण्यावारी नेलं. आता आई नाही. ते नाव ओठांशी येऊन अडतं.