साडूंचा लाल ठिपका

माझ्या साडूंइतका विनाकारण सुखी मनुष्य संबंध जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. आणि असलाच, तर त्याच्याही विरुद्ध माझी तक्रार आहे. मी न्यायालयात लिपिक म्हणून हयात घालवली, निवृत्तीनंतर घनसावंगीतील प्रत्येक कार्यालयाला अर्ज करून कायद्याची आठवण करून देत आलो, आणि त्याबद्दल मला घरात वेळेवर चहादेखील मिळत नाही. साडू महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आमच्याच शेजारी, आपल्या मागच्या खोलीत, लेसरची एक जुनी नळी लावून बसले. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. त्याच्या उजेडातले बारीक चढउतार यंत्र कागदावर रेखाटते. साडू ते पाहतात. एवढेच. परंतु माझी पत्नी रोज संध्याकाळी ते पाहायला जाते आणि तिथे हसते. तिचे हसणे मला माझ्या ओट्यावर, मसुदा लिहिताना, स्पष्ट ऐकू येते.

"दाजी, पण हा उजेड थरथरतो कशानं?" ती विचारते.

"कशानंच न्हाई, मेव्हणीबाई! उगाच. लेसर वरून एकदम शिस्तीचा, पण आतून थरथरून राह्यला."

'उगाच' हे कारण मी एकाही अर्जात लिहिलेले नाही.

त्यांचा हा छंद खोलीपुरता राहता तर मी सहन केले असते. एका चतुर्थीला आम्ही राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. रांगेत लोक मध्येच घुसत होते आणि मी प्रत्येकाला अडवून हक्काची जाणीव करून देत होतो. साडू मात्र हरखून म्हणाले, "बघा, लोक कसे घोळक्यानं येऊन राह्यले! साध्या दिव्याच्या उजेडाचे कण असेच येतात. लेसरचे असा घोळका करत न्हाईत." पत्नी दुखणारे पाय विसरून ऐकत राहिली. तिच्या पायांसाठी मी भांडत होतो, हे तिच्या गावीही नव्हते.

अखेर मला न्याय मिळण्याची संधी आली. आमच्या गल्लीतील विजेचा दाब सतत वरखाली होई, पंखे मंदावत. मी वीज कार्यालयाला अर्ज, स्मरणपत्र आणि शेवटी नोटीस धाडून कोपऱ्यावरची डीपी, म्हणजे गल्लीला वीज पुरवणारी पेटी, बदलून घेतली. त्या संध्याकाळी, गल्लीने माझे आभार मानल्यावर, मी पत्नीसोबत मुद्दाम साडूंकडे गेलो. पाहतो तो कागदावर जवळजवळ सरळ रेघ! यंत्र बिघडले की काय, म्हणून साडू तारा चाचपत होते. मी एका क्षणात ओळखले आणि पत्नीच्या समक्ष, शब्द तोलून, सांगितले की इतकी वर्षे थरथरत होती ती डीपी, लेसर नव्हे. इतके समाधान मला कोणत्याही निकालाने दिले नव्हते.

साडूंनी चष्मा काढला. रेघेकडे पाहिले. आणि मांडी थोपटून ओरडले, "बिलकुल बराबर, वकीलसाहेब! म्हंजे मी डीपीच मोजून राह्यलो!" मी वकील नाही, हे त्यांना ठाऊक आहे. हसता हसता त्यांनी यंत्राची कळ फिरवून रेघ कितीतरी पटींनी मोठी केली. सरळ रेघेवर केसांसारखी बारीक लव उभी राहिली.

"ही त्याची सोताची थरथर. डीपीच्या गोंधळात आजवर दिसलीच न्हाई. आता ही मात्र तुमच्या अर्जानं जायची न्हाई."

"हिला काही कायदा?" मी संतापून विचारले.

"हाय ना! पण तो सगळ्या कणांच्या सरासरीला लागू. एकेकट्याला न्हाई."

पत्नी त्या लवेकडे अशी पाहत होती, जशी ती माझ्याकडे लग्नानंतर काही महिने पाहत असे.

घरी आल्यावर मी विचारले, "तुला त्यातले खरोखर काही कळते?"

"न्हाई हो. पण दाजी सांगतात तेव्हा ऐकावं वाटतं." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती हळूच म्हणाली, "तुमी डीपी कशी बदलून आणली, ते सांगा ना."

मी पहिल्या अर्जाच्या जावक क्रमांकापासून सुरुवात केली. डोक्यावर पंखा एकसारखा फिरत होता. पदराला हात पुसत ती समोर बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. एकदाही हसली नाही.