गळतीवरचं अळू

“ए मुडद्या, पाना ठेव खाली! ठेव म्हनते ना!”

काकी अशी ओरडली की तानसा तलावाच्या पाण्यावरचे बगळे उडाले ते थेट आटगाव स्टेशनाच्या छपरावर जाऊन बसले. आईबाप गेल्यावर मला वाढवलं ते हिनंच, त्यामुळे मला ह्या आवाजाची सवय. दुरुस्तीला आलेल्या मुकादमाला नव्हती. त्याच्या हातातून पाना पडलाच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुंबईला पाणी नेणारा पाइप आमच्या पाड्याला खेटून जातो. इतका जाड, की आतून अख्खी वरात जाईल, घोड्यासकट. पाड्याला मात्र नळ नाही. होती ती त्या पाइपाच्या एका सांध्याची गळती. तिच्याखाली हंडे भरायचे, भांडी घासायची, भांडणं लागायची, सोयरिकी जुळायच्या. तिथलं अळू एवढं माजलेलं, की एका पानाखाली म्हैस उभी राहायची. पटत नसेल तर म्हशीला विचारलं असतं, पण ती वारली. माझ्या थापांचे पहिले श्रोते तिथलेच. पाइपाला कान लावून मी सांगायचो, “गप गो, मुंबईचा शेठ चूळ भरतोय!” आणि बायका हंडे टेकवून हसायच्या.

त्या दिवशी मी मुंबईहून, नोकरीतून रजा काढून आलो होतो.

“काकी, मुंबईला पाणी कमी पडतं,” मुकादम म्हणाला.

“नि आमाला उतू जातं का रे?”

“तुम्हाला दरीत विहीर आहे की.”

“हाय ना! उन्हाळ्यात तिचा बेडूक आमच्याकडं पानी मागाया येतो.”

हशा पिकला. मुकादम ओशाळला आणि माझ्या इस्त्रीच्या पँटीकडे बघून म्हणाला, “साहेब, तुम्ही मुंबईला राहता ना? तुम्हीच समजवा. तुमच्याच नळाला जाणार हे पाणी.”

हशा थांबला. ज्या बायकांना मी जन्मभर हसवलं, त्या माझ्याकडे पाहुण्याकडे बघावं तशा बघायला लागल्या. यमालासुद्धा गोष्टीत गुंतवून परत पाठवीन असा मी. त्या दिवशी नुसती पँटीची इस्त्री सारखी करत राहिलो. सांध्यावर लोखंडी पट्टा आवळला गेला. धारेचे थेंब झाले, मग तेही थांबले. बायका रिकामे हंडे घेऊन दरीच्या वाटेला लागल्या. काकी माझ्याकडे न बघता गेली.

मुंबईत माझी खोली, खोलीत मोरी, मोरीत नळ. सकाळी त्याला पाणी आलं की वाटायचं, आमचं अळू सुकवून आलंय हे. मजल्यावर जो तो आपलं दार लावून आपापला पिंप भरायचा. कुठल्या खोलीत माणूस आहे, ते बादलीच्या आवाजावरून कळायचं. शेजारी दिसायचा तो कुलूप लावताना. थाप ऐकायला टाइम कोणाकडे? एकदा मी नळालाच म्हशीची गोष्ट सांगितली. त्यानं खाकरून दाद दिली आणि पाणी गेलं.

मग मनानं घेतलं, की गळती बंद झाली, काकीचे गुडघे दरी किती दिवस चढणार? आता येईल ती माझ्याकडे. मी नवा पिंप आणला, खिडकीशी तिची चटई टाकली. शेजाऱ्याला सांगून टाकलं, माझी काकी येतेय, आवाज जरा मोठा आहे. उन्हाळा कडक झाला तसा तिला न्यायला गेलो.

ती दरीतल्या विहिरीवर सापडली. तळाशी पाणी झिरपायची वाट बघत पाड्यातल्या सगळ्या बायका काठावर बसलेल्या. मी तिच्याशेजारी टेकलो आणि ठेवणीतली जीभ बाहेर काढली.

“काकी, चल माझ्याकडं. नळ असा, की नुसतं खोकलीस तरी पाणी धावत येतं. दरी नाय, रांग नाय, दोर नाय.”

“आनि भराया किती जनी असतात रे?”

“कोण नाय! घरातच नळ. तुझ्या एकटीचा!” मी छाती फुगवून सांगितलं.

काकीनं दोर विहिरीत सोडला.

“मंग नको.”