हिरव्या दोऱ्याची पळी

सरकारी इस्पितळाच्या भटारखान्यात आपाला एकोणीस वर्षं झाली होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला आपाच म्हणत. तोंडानं फटकळ, पण हाताला चव अशी की घरी सोडलेले पेशंटही आठवण काढायचे.

मटणाच्या दिवशी शेगडीवर दोन पातेली चढायची. एक सगळ्यांसाठी, दुसरं हलालचं, म्हणजे धर्मानं सांगितलेल्या रीतीनं कापलेल्या मटणाचं. दुसऱ्याची पळी वेगळी, दांड्याला हिरवा दोरा गुंडाळलेली. ती पळी चुकून जरी पहिल्या पातेल्यात गेली तरी आपा अख्खा भटारखाना डोक्यावर घ्यायची.

दोरा शिंपीचाचांचा. चाचांच्या किडन्या गेलेल्या; वर्षभर ते आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे आणि चार-चार तास मशीनला जखडून पडायचे. अंगात ताकद हवी, मटण-अंडी खा, असं सांगून सांगून डॉक्टर थकले होते. चाचा इथल्या मटणाला हात लावेनात. "कुणी कापलं, कसं कापलं, मला काय ठाऊक?" शेवटी आपाच कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मला ओळखता ना? मग माझ्या जबाबदारीवर खा. वर कुणी जाब विचारला तर खुशाल माझं नाव सांगा."

चाचा हसले आणि जेवले. पुढच्या खेपेला हिरव्या दोऱ्याचं रीळ घेऊन आले, स्वतःच्या हातानं दोरा पळीला गुंडाळून दिला. त्यानंतर प्रत्येक वेळी पहिला घास घेण्याआधी विचारायचे, "आपा, नक्की ना?" आणि ती म्हणायची, "नक्की."

भटारखान्याचा मुकादम तिच्याच धर्माचा, तिच्याच आठवड्यात नोकरीला लागलेला. ती त्याला भाईजान म्हणायची, आणि ते नुसतं तोंडदेखलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा कागदपत्रांसाठी हाच धावला होता. लेकीच्या लग्नात मामा म्हणून हाच उभा राहिला होता. दोघं रिकाम्या क्रेटवर बसून त्याच दुसऱ्या पातेल्यातलं जेवायची. अलीकडे मात्र भाईजानला पित्ताचा त्रास सुरू झाला होता. तो डबा घरून आणायचा. आपा त्याच्यासाठी वेगळा मऊ भात शिजवायची, जिऱ्याचं पाणी उकळून द्यायची, आणि त्यानं ते पूर्ण प्यायल्याशिवाय हलायची नाही.

अशात हलालचा वाद पेटला. सरकारी संस्थेत एका धर्माची रीत कशाला, असं एक बाजू म्हणे. आजारी माणसाला त्याच्या श्रद्धेचं अन्न नको का, असं दुसरी. दोघांचे फलक इस्पितळाच्या फाटकावर समोरासमोर उभे. ज्यांनी इथला एक घास कधी चाखला नव्हता त्यांचा आवाज सगळ्यात मोठा. आपाला कुणी विचारलं की ती भांडी आपटत म्हणायची, "बंद करायचं तर करा ना! तोंडावर सांगा, मी पातेलं उतरवते. चाचांना काय ते मी समजावीन."

शेवटी मोठ्या साहेबांनी दोन्ही बाजूंना सभेला बोलावलं. आपा आणि भाईजान मागच्या भिंतीला टेकून उभे होते. साहेब माइकवर हसतच म्हणाले, "वाद कशाचा घालताय? गेले आठ महिने आपल्याकडे हलाल मटण येतच नाही. ठेकेदार बदलला. दोन्ही पातेल्यांत एकच माल शिजतोय. आहे कुणाची तक्रार? कुणाला फरक कळला?"

सापही मेला आणि काठीही तुटली नाही, असा त्यांचा चेहरा झाला होता. सभागृहात गोंधळ उडाला. आपाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. आठ महिने. भाईजानचं पित्त आठ महिन्यांचं होतं.

तिनं शेजारी पाहिलं. तो दाराबाहेर सटकत होता. तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"तुला ठाऊक होतं."

"साहेब म्हणाले, भटारखान्यातली हलालची पाटी काढली तर बोंबाबोंब होईल, आहे तसं चालू दे. माझ्या हातात काय होतं, आपा? दोन वर्षांनी रिटायर होतोय मी."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर गप्प बसली असतीस?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"स्वतःचा डबा तेवढा घरून आणलास," आपा म्हणाली. "आणि मी तुला जिऱ्याचं पाणी पाजत बसले. माझ्या हातानं लोकांना वाढायला लावलंस, मला शेजारी बसून खाताना बघितलंस. केसानं गळा कापलास रे माझा."

कुंपणानंच शेत खाल्लं, आता ओरडायचं कुणाकडे? साहेबांचा तिला राग आला, पण साहेब परके होते. रडू आलं ते याच्यामुळे.

ती तशीच डायलिसिसच्या खोलीत गेली. लपवणं सोपं होतं. चाचा पेपर वाचत नसत आणि मटण सोडलं तर ते पुन्हा खंगणार हे तिला कळत होतं. पण भाईजाननं नेमकं हेच केलं होतं. तिनं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं, ठेकेदार, पाटी, आठ महिने. "मला माहीत नव्हतं चाचा. लेकीची शपथ."

चाचा चिडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त "बरं" म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

दोन दिवसांनी ते पुन्हा आले. आपानं पळीवरचा दोरा आदल्या दिवशीच सोडून टाकला होता. त्या दिवशी मटण नव्हतंच. साधा भात, डाळ आणि एक उकडलेलं अंडं. तिनं ताट वाढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि सवयीनं थांबली. तोंडाशी "नक्की" आलेलं होतं.

चाचांनी ताटाकडे पाहिलं. मग तिच्या अंगावरून पलीकडे मान वळवली आणि सुई लावणाऱ्या नर्सला हळूच विचारलं, "सिस्टर, डाळीत काही नाही ना?"

नर्स म्हणाली, "नाही चाचा, साधी डाळ आहे." तेव्हा कुठे त्यांनी घास उचलला. आपा पळी हातात घेऊन तिथंच उभी होती.